आफ्केबाईंच्या दारात करकोचा

ऐक ग, नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, कारण मध्ये बोललीस की मला हसू येतं, आणि हसू आलं की पुढचं सगळं विसरते.

योरित आठवतोय का तुला? अगं तो उंच! कुठूनही आत येताना सवयीने वाकतो, मग तिथे दार असो वा नसो. हां, तोच. तर हा योरित एप्रिलातल्या एका शुक्रवारी वीत्स्केकाकूंच्या दुकानात टेबलावर थाप मारून म्हणाला, "काकू, उद्याची गंमत बघाच! अकरा वर्षांची खिचडी मी तीन महिन्यांत निवडून दाखवली!"

आता वीत्स्केकाकूंचं दुकान म्हणजे फुगवायच्या बाहुल्यांचं. आमच्याकडे माणूस पन्नाशीला आला की सुटत नाही. बाई असेल तर दारात सारा, बुवा असेल तर आब्राहाम. चार मीटर उंच, पोटात हवा, गळ्यात पाटी, पाटीवर नाव आणि भला मोठा पन्नासचा आकडा. मित्रमंडळी गुपचूप सांगून ठेवतात, सकाळी सहाला गाडी येते, पंप लागतो आणि बिचारं माणूस दात घासत खिडकीशी येतं तोवर अर्धं गाव भोंगे वाजवत दारावरून गेलेलं असतं!

ही सारा-आब्राहामची फेरी अकरा वर्षं एकाच प्रोग्रामवर चालली होती. तो लिहिला होता डाउवेकाकांनी. डाउवेकाका म्हणजे वीत्स्केकाकूंचा धाकटा भाऊ. चौपन्न वर्षांचे, लग्न नाही, दुकानाची गाडी चालवतात आणि दिवसाला मोजून बारा शब्द बोलतात. त्यांतले चार पावसाबद्दल. त्यांनी एका हिवाळ्यात वाचनालयातून पुस्तक आणून, बोटाने ओळी लावत तो प्रोग्राम लिहिला. आणि या जानेवारीत काकूंनी दोन करकोचे घेतले. बाळ झालं की दारात उभे करायचे ते! चोचीत गाठोडं, गाठोड्यात प्लास्टिकचं बाळ. पण जुन्या प्रोग्रामला करकोचा ठाऊकच नव्हता. म्हणून योरितला ठेवलं. तीन महिने बघू, शनिवारची पहिली करकोच्यांची फेरी सुरळीत झाली तर पक्का, नाहीतर टाटा. योरितला ही नोकरी हवीच होती, कारण तोवर त्याला तीन ठिकाणांहून टाटा झाला होता.

जुना प्रोग्राम उघडला आणि योरितने डोकंच धरलं.

"काकू, हे काय आहे माहितीये? बाजारात कांदे आणायला पाठवलेला माणूस वाटेतच कांदे चिरतोय, वाटेतच परततोय आणि घरी येईपर्यंत भाजीला मीठही घालतोय!"

"चव कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"भाजीची. अकरा वर्षांत एकदा बिघडली नाही."

"बिघडली नाही, पण शिस्त कुठाय? माझं बघा. दोन खणांचं कपाट! एका खणातला गडी नोंदवहीतून फक्त आणतो. दुसऱ्या खणातला फक्त ठरवतो. आणणाऱ्याने ठरवायचं नाही, ठरवणाऱ्याने आणायला जायचं नाही! उद्या नोंदवही बदलली तरी ठरवणाऱ्याला पत्ता लागणार नाही. आणि ठरवायचे नियम सगळे एका ठिकाणी. कागदावर छापून या भिंतीवर लावणार मी. कोणीही या, वाचा!"

आणि खरं सांगू का, बोलणं पटण्यासारखंच होतं ग. काम चोख करत होता पोरगा. एक एक ओळ निवडत होता, हे आणणाऱ्याचं, हे ठरवणाऱ्याचं, अगदी तांदळातले खडे काढावेत तसं. आणि मग आणण्याच्या कामाच्या मधोमध त्याला ती ओळ सापडली.

'वय शून्य असेल तर पन्नास समज.'

योरित इतका हसला की खुर्चीची चाकं मागे गेली आणि तो आब्राहामच्या ढिगात जाऊन पडला. शून्याचं पन्नास! म्हणजे आज जन्मलेलं पोर थेट पन्नाशीत! पोराच्या दारात करकोच्याऐवजी म्हातारी बाहुली!

तो अंगणात गेला. डाउवेकाका साराला आंघोळ घालत होते. खरंच, साबणाने, मऊ ब्रशने, कानामागून वगैरे.

"डाउवेकाका, ती शून्याची ओळ कशासाठी आहे हो?"

"लागते."

"पण का?"

काकांनी बराच विचार केला. साराच्या नाकावरचा फेस पुसला.

"असू दे," म्हणाले.

झाले, त्या दिवसाचे शब्द संपले! योरित आत आला आणि ओळ उडवली. तिच्याखाली आणखी एक ओळ होती, कुठल्याशा गल्लीबिल्लीची. ती त्याने वाचलीसुद्धा नाही. 'ही सोमवारी बघू' म्हणून जशीच्या तशी आणणाऱ्याच्या खणात ढकलली. मग चाचणी घेतली. पाच खोटे आब्राहाम, पाच खोटी बाळं. दहापैकी दहा! बायका? बायकांची चाचणी घेतली ना! स्वतःच्या मावशीचं नाव टाकलं, वय टाकलं पन्नास, आली सारा. आणखी काय पाहिजे?

शनिवारी सकाळी नऊला योरित केक घेऊन दुकानात आला. आपल्याला आनंद झाला तर केक आपणच आणायचा असतो ना, म्हणून स्वतःच्या पक्क्या नोकरीचा केक त्याने आदल्या दिवशीच आणून ठेवलेला! गाडी फेरीवर गेली होती. दुकानात कोणी नाही. केक ठेवायला टेबलाकडे वळला आणि थबकला.

टेबलावर सारा. स्वच्छ, कोरडी, घडी घातलेली, वर तिचा ॲप्रन इस्त्री करून ठेवलेला.

"तू इथे काय करतेस?" योरित चक्क बाहुलीला म्हणाला.

कारण आज सारा जायची होती. आज आफ्केबाई पन्नास वर्षांच्या होत होत्या!

आफ्केबाई कोण विचारू नकोस, सांगते. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. योरित त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, पण त्या रस्त्यात समोरून आल्या की हा अजून च्युइंगम गिळतो. एकट्या राहतात, चेरी गल्लीत. शाळेतल्या शिक्षकांनी गुपचूप सारा सांगून ठेवली होती.

योरितने कपाटाकडे बघितलं. करकोचे दोन होते, आज एकच जायचा होता. आता एकही नाही!

त्याने यादी उचलली. पहिलंच नाव. आफ्के, चेरी गल्ली, करकोचा. पाटी : मुलगी झाली हो! स्वागत, आफ्के!

केक टेबलाच्या काठावर ठेवला गेला आणि तिथून खाली. तोंडावर. पडताना आवाजसुद्धा ओला आला.

नोंदवही उघडली. आफ्के, वय शून्य. वर बघितलं. गेल्या महिन्यातली सारा, वय शून्य. त्याच्या आधीची, शून्य. अकरा वर्षांतल्या एकूणएक बायका, शून्य, शून्य, शून्य! बुवा मात्र सगळे पन्नास. आणि नव्या ठरवणाऱ्याच्या लेखी शून्य म्हणजे बाळ, बाळ म्हणजे करकोचा!

त्याने काकूंना फोन लावला.

"काकू, तुम्ही बायकांचं वय शून्य का लिहिता?"

"मग काय लिहू? बायकांना कोणी वय विचारतं का? बरं दिसतं का ते?"

"पण सारा मागितली म्हणजे पन्नासच असणार ना!"

"म्हणूनच तर लिहायची गरज नाही! सगळ्यांना माहितीये. डाउवेच्या प्रोग्रामलासुद्धा माहितीये. का रे? काही झालंय का?"

"नाही नाही! छे!"

"मी दहाला आफ्केकडे पोचतेय. आपली सारा बघायचीये मला. डाउवेने काय चकचकीत धुतलीये काल!"

योरितने घड्याळ बघितलं. नऊ वाजून वीस. डाउवेकाकांना फोन लावला, पण ते फोन गाडीच्या खणात ठेवून खण बंद करतात, फोनला थंडी लागू नये म्हणून. मग योरितने एकच विचार केला. काकू पोचायच्या आत करकोचा काढायचा, सारा लावायची. कोणाला काही कळायला नको! त्याने सारा सायकलच्या कॅरिअरवर बांधली. बावीस किलोची म्हातारी, डोकं बाहेर लोंबतंय, वळणावर दोघांपैकी नक्की कोण सायकल चालवतंय कळत नव्हतं, आणि समोरून असा वारा की पायडल मारला की सायकल मागे जायची!

इकडे चेरी गल्लीत काय झालं होतं, ते नंतर कळलं. समोर राहतात हिल्त्येकाकू. त्यांना गल्लीतल्या मांजराचीसुद्धा दिनचर्या पाठ. सकाळी सहाला त्यांनी बघितलं, तर आफ्केच्या दारात डाउवे करकोच्याच्या खुंट्या ठोकतोय. आणि मधूनमधून बाहीने डोळे पुसतोय! शिवाय आफ्केच्या खिडकीला पडदे! आता तूच सांग, आमच्याकडे कधी कोणी पडदे ओढून बसतं का? पडदे बंद म्हणजे एकतर कोणी गेलंय, नाहीतर कोणी आलंय. करकोचा बघितल्यावर शंकाच उरली नाही. खरं काय, तर आफ्केबाईंना वाढदिवसाच्या गाजावाजाचा वैताग, म्हणून त्यांनी पडदे ओढून मागच्या खोलीत मुक्काम ठोकला होता. पुढच्या दाराकडे त्या फिरकल्याच नव्हत्या!

हिल्त्येकाकूंनी फोन फिरवला. "हिवाळाभर तो जाड कोट घालून हिंडत होती, तेव्हाच मला वाटलं होतं! आणि नाव काय ठेवलंय, तर आफ्के! स्वतःचंच! मास्तरीणबाईंचा स्वभाव, दुसरं काय. आणि बाप? अगं, बाप बाहेर उभा राहून खुंट्या ठोकतोय आणि रडतोय!"

नऊ वाजेपर्यंत बेकरीतली गुलाबी साखरबडीशेप संपली. मुलगी झाली की टोस्टला लोणी लावून वर ती भुरभुरतात ना, ती! सगळ्या गावाने नेली.

योरित पावणेदहाला धापा टाकत पोचला तर गल्लीत ही गर्दी! साराला त्याने कुंपणामागे लोळवलं आणि स्वतःही लपला. फेरी संपवून परत आलेली गाडी समोर उभी होती, गाडीत डाउवेकाका. तोंड असं, जसा पावसात राहिलेला मोजा. बेकरीवाल्याने काचेतून हात घालून त्यांचा हात गदगदा हलवला.

"अभिनंदन, डाउवे!"

आता कोणाचंही काही शुभ असलं की शेजारी, पाहुणे, दूधवाला, सगळ्यांचं अभिनंदन करायचंच असतं. काकांनी त्याच हिशोबाने मान हलवली.

"तुमचंही," म्हणाले.

"माझं कशाला? सगळी मेहनत तुझी!"

"हो. खुंट्या आत जात नव्हत्या."

बेकरीवाला जरा गोंधळला, पण हसला. "आता पुढे काय? राहणार कुठे?"

"घरी."

"आणि त्या दोघी?"

"त्यांच्या घरी," काका म्हणाले आणि पुन्हा बाही डोळ्यांना लावली. बेकरीवाला मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "अजून ठरलेलं दिसत नाही हो त्यांचं!"

तेवढ्यात हिल्त्येकाकू आणि चारजणी टोस्टचं ताट घेऊन घराच्या बाजूने मागच्या दाराशी निघाल्या. योरित कुंपणामागून रांगत रांगत त्यांच्या मागे. दार उघडलं. आफ्केबाई दारात, हातात कॉफीचा कप.

"अभिनंदन, आफ्के!"

"थँक्यू. तुझंही अभिनंदन. कुठून कळलं? मी कोणाला सांगितलं नव्हतं."

"अशी गोष्ट लपते का? पण तू उठून चालतेस कशी? पहिले दहा दिवस तरी पडून राहायचं!"

"दहा दिवस? मला या एका दिवसाचाच कंटाळा आलाय!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकजण पुढे होऊन हळूच म्हणाली, "वजन किती ग?"

"काय?"

"वजन. किती भरलं?"

"हे विचारायला आलात तुम्ही?"

"अगं सगळ्या सांगतात! त्यात काय लाजायचं?"

"बहात्तर! झालं समाधान?"

हिल्त्येकाकू मागे वळून कुजबुजल्या, "लांबी सांगतेय. सेंटिमीटर."

"तरी मोठीच आहे ग."

"आणि," हिल्त्येकाकूंनी घसा साफ केला, "वडील?"

"वडील काय? वडील वारले की! वीस वर्षं झाली, तू आली होतीस मातीला!"

चौघीजणी बोटांवर मोजायला लागल्या. कितीही मोजलं तरी जमेना.

"मग तो डाउवे बाहेर का रडतोय?"

आफ्केबाईंनी कप खाली ठेवला. "डाउवे रडतोय? कुठे? का?"

बस! यापुढे थांबण्यात अर्थ नव्हता. योरित रांगतच पुढच्या अंगणात आला, करकोच्याच्या मागे शिरला, शेपटीखालचा व्हॉल्व्ह शोधला आणि खस्सकन उघडला. आणि घाई बघ त्याची! हवा जायला वेळ लागेल म्हणून त्याने खुंट्याही उपटायला घेतल्या. एक, दोन, तीन. चौथी उपटताना त्याच्या लक्षात आलं की पोटात हवा अर्धी आहे, वारा मात्र पूर्ण आहे.

करकोचा उडाला ग! दोरीला योरित! शेपटीतून फुर्र आवाज, चोच बेकरीवाल्याच्या टोपीवरून, पाय हिल्त्येकाकूंच्या ट्युलिपांवरून, आणि रस्ता ओलांडून सगळं लटांबर थेट कालव्यावर! तिथे त्याने मान टाकली. योरित कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर एक पांढरा पंख, आणि चोचीतलं गाठोडं सुटून, धपकन, पाण्यात!

"बाळ!" आवाज ऐकून मागच्या दारातून पुढे धावत आलेल्या हिल्त्येकाकू किंचाळल्या. "बाळ पडलं!"

आता ते बाळ प्लास्टिकचं आहे हे गावातल्या कुत्र्यालाही दिसत होतं. पण सकाळपासून सगळ्यांच्या डोक्यात बाळच बाळ होतं ना! बायका ओरडल्या, बेकरीवाल्याने बूट काढायला घेतले, आणि कोणाला काही कळायच्या आत गाडीचं दार उघडलं, डाउवेकाका धावत आले आणि कोट, टोपी, बूट सगळ्यासकट कालव्यात उडी! चार हात मारले, गाठोडं पकडलं, छातीशी धरलं आणि काठावर आले. आणि मग खाली बघितलं. गाठोड्यातून हवा भरलेलं एक गुलाबी तोंड त्यांच्याकडे बघून हसत होतं.

त्याच वेळी आफ्केबाई घराला वळसा घालून पुढे आल्या. त्यांनी पाटी बघितली. मेलेला करकोचा बघितला. भिजलेले डाउवे बघितले, त्यांच्या हातातलं बाळ बघितलं. मग पंखाखालून डोकावणारं एक डोकं बघितलं.

"योरित!"

अगं, कमरेइतक्या पाण्यात योरित ताठ उभा राहिला! हात बाजूला!

"हो बाई."

"पुढे ये. आणि सगळ्यांना ऐकू येईल असं सांग. काय केलंस?"

नेमक्या वीत्स्केकाकूही तेव्हाच फुलांचा गुच्छ घेऊन कोपऱ्यावरून वळल्या. म्हणजे संपलंच! खोटं सांगायला एक पाय तरी कोरडा लागतो, याच्याकडे तोही नव्हता. योरितने सगळं सांगितलं. आणणारा आणि ठरवणारा, दोन खण, शून्य, पन्नास, उडवलेली ओळ. पाणी निथळत होतं, मोज्यात शेवाळ होतं, आणि शेवटी तो म्हणाला, "बाई, चूक माझी. कळत नाही ते खोडायचं नसतं. आधी विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं."

आफ्केबाई शाळेत गणित सोडवतात तशा बोटाने हवेत लिहीत म्हणाल्या, "थांब. म्हणजे वीत्स्केने सभ्यपणा म्हणून खोटं लिहिलं. डाउवेने ते निस्तरलं, पण कोणाला सांगितलं नाही. आणि तू ते निस्तरणं पुसलंस, पण खोटं तसंच ठेवलंस. बरोबर?"

इतकं स्पष्ट योरितलासुद्धा सांगता आलं नव्हतं!

"वीत्स्के, वही आणलीस?"

"वही फोनमध्ये असते ग."

"लिही. आफ्के, वय पन्नास."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"माझ्या दारात चार मीटरची बाहुली उभी करायला चालते तुला, आकडा लिहायला लाज वाटते? लिही. पन्नास! पाच आणि शून्य!"

काकूंनी लिहिलं. बेकरीवाल्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. हिल्त्येकाकू तेवढ्यात म्हणाल्याच, "म्हणजे ते बहात्तर किलो होते!" आणि आफ्केबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की योरित शपथेवर सांगतो, शाळेच्या सहा वर्षांत त्याने त्यांचे इतके दात बघितले नव्हते.

मग त्या डाउवेकाकांकडे वळल्या.

"आणि तू? माझ्याकडे बाळ आलं असं तुला खरंच वाटलं?"

"कागदावर होतं."

"तुझा स्वतःचाच प्रोग्राम असं सांगायला लागला तर विश्वास ठेवशील?"

"माझा असता तर शंका घेतली असती. हा शिकलेल्या पोराचा होता."

"दार वाजवून मला विचारायचंस की!"

काकांनी बाळाच्या डोक्यावरचं पाणी पुसलं. "अकरा वर्षं दार वाजवायचं म्हणतोय," म्हणाले. "पहिल्यांदा वाजवायचं, आणि तेच विचारायचं?"

मोज, बारापेक्षा जास्त झाले! हिल्त्येकाकूंनी तर ताटच खाली ठेवलं!

आफ्केबाईंच्या कानाची पाळी लाल झाली. "आत ये," म्हणाल्या. "मागच्या दाराने. कॉफी आहे."

सगळेच गेले मग. साराही लागली, पडदेही उघडले. गुलाबी टोस्ट वाया कशाला घालवायचे, ते वाढदिवसाचे म्हणून खाल्ले. आणि बिस्किटांचा डबा फिरला. आफ्केबाईंचा डबा म्हणजे काय सांगू! कॉफीबरोबर एक बिस्किट, आणि झाकण ठक्क! राजा आला तरी एकच! तर सगळ्यांना एक एक मिळालं, झाकण ठक्क झालं. मग डबा डाउवेकाकांसमोर ठेवला गेला. आणि झाकण, अगं, झाकण बाजूलाच राहिलं! काकांनी चार खाल्ली. योरितने स्वतः मोजली.

निघताना वीत्स्केकाकू योरितला म्हणाल्या, "सोमवारी ये."

"म्हणजे मी पक्का?"

"अकरा वर्षांतल्या आणि पुढच्या बुकिंगमधल्या सगळ्या बायकांना फोन करून वय विचारायचं. वही खरी करायची. एवढं करून जिवंत राहिलास तर पक्का."

सोमवारी त्याने फोन केले. एकशे बारा बायका! सतरा जणींनी फोन आपटला, एकीने त्याच्या आईला फोन करून तक्रार केली, आणि एक एकसष्ट वर्षांची आजी म्हणाली, तू अंदाज कर. पण वही खरी झाली ग. शून्य म्हणजे शून्य, पन्नास म्हणजे पन्नास. आणणारा फक्त आणायला लागला, ठरवणारा फक्त ठरवायला लागला. योरितने ठरवणाऱ्याचे सगळे नियम छापायला घेतले, भिंतीवर लावायला. आणि मग आठवलं, आणणाऱ्याच्या खणात एक ओळ राहिलीये. न वाचता ढकललेली. या वेळी मात्र त्याने ती वाचली.

'चेरी गल्लीचं काहीही आलं की यादीत सगळ्यात वर. गाडीवर डाउवे. दुसरं कोणी नाही.'

तारीख अकरा वर्षांपूर्वीची. चेरी गल्लीत सात घरं आहेत. अकरा वर्षांत तिथे जे आब्राहाम, ज्या सारा गेल्या, त्या सगळ्या सकाळी सहाला, पहिल्या फेरीत, डाउवेकाकांच्या हातून. कोणाची पन्नाशी का असेना, आफ्केबाईंच्या खिडकीवरून गाडी तर जायची!

आता झाली का पंचाईत? आणणाऱ्याने ठरवायचं नाही, हा योरितचा स्वतःचाच कायदा. म्हणजे ओळ तिथे ठेवता येत नाही. ठरवणाऱ्याच्या खणात टाकावी, तर ती छापून भिंतीवर लागणार, आणि भिंतीसमोर दररोज काकू, बेकरीवाला आणि हिल्त्येकाकू उभ्या! खोडावी, तर नुकतीच सगळ्या गावासमोर कालव्यात उभं राहून शपथ घेतलीये. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं म्हणावं, तर खिडकीबाहेर डाउवेकाका करकोच्याचा पंख शिवत बसलेत, आणि शीळ घालतायत! शीळ! त्यांची कोणी ऐकली होती का कधी? जाऊन काय विचारणार, काका, ही ओळ कशासाठी?

मंगळवारपासून योरित ती ओळ उघडून बसलाय. बोट खोडायच्या बटणावर, तोंड खिडकीकडे. काल रात्री जेवणाच्या वेळी मला फोन करून म्हणाला, सांग ना काय करू. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, त्यात काय, उद्या विचार करून सांगते. आणि माझं डोकं तर चालेना! म्हणून तर सकाळी सकाळी तुला गाठलं, नाहीतर मी कशाला एवढं बोलले असते? आता बोल पटकन, त्याचा फोन येईलच. तू काय केलं असतंस?